खसखशीएवढा वडा, दोन मजल्यांचा घाट

कर्जतच्या फलाटावरचा बटाटेवडा डोळ्यांसमोर आणा. कढईतून नुकताच निघालेला, वाफाळलेला, सहा सेंटिमीटर रुंद. आता त्याला ८७ ने भागा. किती आले? पाऊण मिलिमीटरही नाही. खसखशीचा एक दाणा! पावाला भागा, राजगिऱ्याचा दाणा. आणि सोबतची तळलेली मिरची? ती शोधायला भिंग लागेल.

हा ८७ कुठून आला? जगभरातले हौशी लोक घरात छोटी रेल्वे उभारतात, तेव्हा त्यांचं सगळ्यात लाडकं माप असतं ‘एचओ’. या मापात खऱ्या जगातली प्रत्येक वस्तू ८७ पट लहान होते. इंजिन, डबा, फलाट, झाड, हमाल, कुत्रं, चहाची किटली, सगळं एकाच चाळणीतून. आज आपण दोघं मिळून एक उद्योग करू. तुम्ही नवखे, मीही नवखा. हौस एकच: कर्जत ते लोणावळा, आपला बोरघाट, जसाच्या तसा घरात आणायचा. हाताशी दहा बाय बाराची एक खोली आहे, एक फूटपट्टी आहे आणि हा ८७ आहे. चला, भागायला सुरुवात करू.

आधी माणूस. साडेपाच फुटांचा धडधाकट गडी १९ मिलिमीटरचा होतो. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं. ते उभं करा, गडी त्याच्यामागे सहज लपेल. डब्याचं चाक शर्टाच्या बटणाएवढं. दोन स्लीपरांमधलं अंतर ७ मिलिमीटर. ओव्हरहेड वायर तर खरीखुरी जेमतेम बोटाएवढी जाड, तिला ८७ ने भागल्यावर उरतात फक्त दोन केस! घाटातलं माकड बसलेलं धरलं, तर तांदळाच्या दाण्याएवढं. इथवर सगळं गोजिरवाणं आहे. वाटतं, यात काय अवघड? एक टेबल पुरेल.

थांबा. आता गाडी आणू.

नव्या धाटणीचा एलएचबी डबा २४ मीटर लांब असतो. भागल्यावर साडेसत्तावीस सेंटिमीटर, फूटपट्टीपेक्षा दोन बोटं कमी. छानच! पण डेक्कन क्वीनला एकच डबा नसतो. डबे १६ आणि पुढे इंजिन. बेरीज करा: ४ मीटर ६५ सेंटिमीटर! आपली खोली १२ फुटांची, म्हणजे ३ मीटर ६६ सेंटिमीटर. गाडी खोलीत मावतच नाही. आडवी नाही, उभी नाही. एकच वाट उरते. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, कर्णावर. कर्ण भरतो ४ मीटर ७६ सेंटिमीटर. बसली! डेक्कन क्वीन बसली, ११ सेंटिमीटर जागाही उरली. पण घाट चढायला मागून ढकलणारं बँकर इंजिन जोडायचं तर त्यालाच २३ सेंटिमीटर हवेत. बँकर गेलं भिंतीबाहेर, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात.

आणि ही गाडी नुसती उभी आहे बरं का. ती अजून एक इंचही हललेली नाही.

तिला हलवायला रूळ हवेत. कर्जत ते लोणावळा रेल्वेनं २८ किलोमीटर. भागिले ८७. मनात अंदाज करा पाहू. दहा मीटर? वीस? उत्तर आहे ३२२ मीटर! बारा फुटांच्या ८८ खोल्या ओळीने लावा, मधल्या सगळ्या भिंती पाडा, तेव्हा कर्जतहून निघालेली गाडी लोणावळ्याला टेकते. रुळांचे तुकडे साधारण तीन फुटांचे मिळतात. असे ३५२ तुकडे. एकाला हजार रुपये धरले, तर साडेतीन लाख. आणि घाटात मार्ग एक नाही, तीन आहेत. साडेदहा लाख! अजून खडी टाकलेली नाही, सांधा बसवलेला नाही, सिग्नलचा दिवा लावलेला नाही.

एवढ्यानं कशाला थांबायचं? अख्खा मुंबई-पुणे प्रवासच ८७ ने भागू. १९२ किलोमीटरचे होतात दोन किलोमीटर आणि दोनशे मीटर. सीएसएमटीहून निघा, मशीद बंदर सोडा, सँडहर्स्ट रोडच्या पुढे थोडं गेलात की आलं पुणे! कल्याण, कर्जत, लोणावळा, शिवाजीनगर, सगळं त्या दोन किलोमीटरांत. पायी अर्ध्या तासाचा रस्ता. पण घरात तो मांडायचा तर अशा सहाशे खोल्या लागतील.

कुणी म्हणेल, मग माप लहान घ्या. घेऊ. ‘एन’ मापात वस्तू १६० पट लहान होते. घाट उरतो १७५ मीटर. अजून खाली ‘झेड’, २२० पट लहान. तिथे डबा दोन काडेपेट्यांएवढा, माणूस मुंगीशी खांदा लावून उभा. तरीही घाट १२७ मीटर. तरीही ३५ खोल्या! सह्याद्री चिमटीत धरायला जावं, तर तो मुठीतूनही बाहेर ओसंडतो.

आतापर्यंत आपण आडवे चाललो. आता वर बघा.

जुन्या मार्गाची घाटातली चढण १,८३१ फुटांची. ८७ ने भागली, की २१ फूट. दोन मजले! कर्जत तुमच्या दिवाणखान्यात ठेवलं, तर लोणावळा दोन मजले वरच्यांच्या पलंगाखाली येतं. मधल्या मजल्यावर खंडाळ्याच्या अलीकडचे बोगदे. साडेतीन परस खोल विहिरीच्या तळाशी उभं राहून काठाकडे बघावं, तसं कर्जतच्या स्टेशनमास्तरला लोणावळ्याकडे बघावं लागेल. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडून बघा, सचिव काय म्हणतात ते.

बरं, मजला फोडायचा नाही, असं ठरलं. निदान एका रुळावरून दुसरा रूळ तरी नेऊ. वरची गाडी खालच्या गाडीच्या डोक्यावरून जायला दहा सेंटिमीटर उंची पुरते. बोरघाटातली सगळ्यात तीव्र चढण १ ला ३७ ची. ३७ पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. तर दहा सेंटिमीटर चढायला किती धावायचं? ३७० सेंटिमीटर. आणि खोली किती लांब? ३६६! चार सेंटिमीटर रूळ भिंतीत घुसतात. मग तिला वळवू. किती वळवायची? भारतीय ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. भागल्यावर दोन मीटर. गाडीला मागे फिरवायची तर चार मीटर रुंदीची जागा हवी. खोलीची रुंदी तीन. पुन्हा शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर!

म्हणून सगळेच नवखे काय करतात? १८ इंच त्रिज्येचं तयार वळण आणतात आणि टेबलावर लंबगोल मांडतात. ते खऱ्या जगात किती होतं बघा: ४० मीटर. अशा वळणावर माथेरानची फुलराणी नाजूकपणे वळेल. डेक्कन क्वीन वळायला गेली, तर डबे दरीत. पण खेळण्यातली डेक्कन क्वीन बिनतक्रार वळते. अजून एक गंमत. दुकानात मिळणाऱ्या एचओ रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर असते, कारण ती युरोप-अमेरिकेतल्या रुळांवरून काढलेली आहे. आपल्या ब्रॉडगेजला १९.३ हवेत. फरक तीन मिलिमीटरांचाही नाही. त्याला ८७ ने गुणा: २४ सेंटिमीटर! आपला रूळ वीतभर अरुंद निघाला, आणि टेबलाजवळ उभ्या असलेल्या शंभरांतल्या नव्याण्णवांना ते कळतही नाही.

हा सगळा खटाटोप जगात कुणी पुरा केलाय का? केलाय. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली ‘मिनिआटुर वुंडरलँड’ सुरू केलं. माप आपलंच, एचओ. आज तिथे हजारांवर गाड्या आहेत, अडीच लाखांवर माणसं आहेत आणि रूळ? सोळा किलोमीटरांहून जास्त. खेळण्यातले सोळा किलोमीटर! त्यांना ८७ ने गुणा. येतात १,३९२. हा आकडा ओळखीचा वाटतो? मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली राजधानी एक्सप्रेसचा मार्ग १,३८४ किलोमीटरांचा आहे. बडोदा, रतलाम, कोटा, मथुरा, सगळं पार करून दिल्ली गाठेल, एवढा रूळ एका इमारतीत गुंडाळून ठेवलाय.

आणि तरीही, मजा पुढेच आहे. त्यांच्या स्वित्झर्लंडमधले डोंगर मजला भेदून वर गेलेत, सहा मीटरांच्या आसपास. पण खरं मॅटरहॉर्न शिखर ४,४७८ मीटर उंच. भागल्यावर ५१ मीटर, सतरा मजल्यांची इमारत! त्यांनाही जमलं नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळण्यानेही आल्प्स दाबून, चेपून, आटवून बसवलाय. गंमत म्हणजे त्या आटवलेल्या आल्प्सच्या उंचीला आपला बोरघाट न आटवता जवळजवळ बरोबरीने उभा राहतो.

आटवणं, हाच शब्द बरोबर. दूध आटवून बासुंदी करतो, तसं. चव राहिली पाहिजे, पाणी गेलं पाहिजे. नवख्यानं २८ किलोमीटरांच्या मागे लागूच नये. एक जागा निवडावी. ठाकूरवाडी निवडा, मंकी हिल निवडा. बोगद्याचं एक तोंड, एक केबिन, सुटलेली गाडी थोपवणारं एक सायडिंग, दरीच्या बाजूला एक धबधबा आणि तांदळाएवढी दहा-बारा माकडं. प्लायवूडचा एक पत्रा पुरेल, आठ फूट बाय चार फूट.

एक पत्रा. बत्तीस चौरस फूट. छोटं वाटतं ना? आता ८७ ला ८७ नेच गुणा, कारण क्षेत्रफळ दोन्ही बाजूंनी वाढतं. ७,५६९! तुमचा बत्तीस चौरस फुटांचा पत्रा खऱ्या जगात होतो दोन लाख बेचाळीस हजार चौरस फूट. एकरात सांगायचं तर साडेपाच एकर. गुंठ्यात २२२ गुंठे! लोणावळ्याच्या वाटेवर साडेपाच एकर जमीन, तीही दरीच्या कडेला, धबधब्यासकट, आणि सातबाऱ्यावर नाव तुमचं. दुकानदार ती हातगाडीवर घालून घरपोच देतो. खोलीच घेतली पूर्ण, तर वीस एकरांचे मालक.

मालक झालात, आता मशागत करा. घाटातली झाडी दाट. दर पाच मीटरांवर एक झाड एवढंच धरलं, तरी साडेपाच एकरांत ९०० झाडं. आंबा पंधरा मीटरांचा, तुमच्या पत्र्यावर १७ सेंटिमीटर, वीतभरही नाही. तार पिळून, भुसा रंगवून, चिकटवून एक झाड दहा मिनिटांत होतं असं धरा. नऊ हजार मिनिटं! दीडशे तास! रोज संध्याकाळी दोन तास बसलात, तर आषाढी एकादशीला सुरू केलेलं जंगल नवरात्राच्या आसपास उभं राहील. आणि हे फक्त एका पत्र्याचं.

अख्ख्या घाटाचा हिशेब करायचा? एक चौरस किलोमीटर डोंगर एचओ मापात १,४२२ चौरस फूट जागा घेतो, ऐसपैस तीन बेडरूमचा फ्लॅट. रुळाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर दाखवायचा, तर असे २८ फ्लॅट. चौरस फुटाला वीस हजार रुपये धरा. ८० कोटी! एवढे पैसे ओतून काय मिळालं? माकडं, करवंदाच्या जाळ्या आणि एक खसखशीएवढा वडा.

आता मात्र टेबलाची कडा घट्ट धरा. लांबी झाली, रुंदी झाली, उंची राहिली आहे. ८७ गुणिले ८७ गुणिले ८७. सहा लाख अठ्ठावन्न हजार पाचशे तीन! घनफळ, पाणी, वजन, सगळ्याला भागायचा आकडा हा.

एक विहीर घ्या. गावाकडची, वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, श्रावणात काठोकाठ भरलेली. पाणी साडेतीन लाख लिटर. अख्ख्या वस्तीची तहान आणि दोन बिघे ऊस तिच्यावर. भागा तिला साडेसहा लाखांनी. अर्धा लिटर! फलाटावर विकत घेतो ती छोटी बाटली. एक विहीर, एक बाटली. दहा हजार लिटरचा टँकर? पंधरा मिलिलिटर, एक मोठा चमचा. खोकल्याच्या औषधाइतका टँकर!

पाऊस मोजू. लोणावळ्याला वर्षाला पडतो चार हजार मिलिमीटरांच्या घरात. तुमच्या साडेपाच एकरांवर तो किती कोसळतो? नऊ कोटी लिटर! दहा हजार लिटरचे नऊ हजार टँकर. रोज पंचवीस टँकर रिकामे केले, तर वर्ष जाईल. टेबलावर तोच पाऊस होतो १३७ लिटर. आंघोळीच्या नऊ बादल्या. सगळा आषाढ, सगळा श्रावण, भुशी डॅमच्या पायऱ्यांवरचा सगळा गोंधळ, नऊ बादल्यांत.

आता इंजिन उचला. आजचं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं. रुळावर त्याचं पाऊल पडलं की फलाट थरथरतो. भागल्यावर १८७ ग्रॅम! पाव किलो श्रीखंडाचा डबा त्याच्यापेक्षा जड. खेळणी बनवणाऱ्यांनाही एवढं हलकं परवडत नाही. रुळाला धरून राहावं म्हणून ते पोटात वजन भरतात. आणि ताकद? सहा हजार एकशे वीस अश्वशक्ती. सहा हजार घोडे! त्यांना साडेसहा लाखांनी भागा, उरतात सात वॅट. बाथरूममधला एलईडीचा दिवा. घाट थरारून सोडणारे सहा हजार घोडे तुमच्या बाथरूममध्ये रोज सकाळी निमूटपणे उजेड पाडतात.

माणूस वजनात किती? पासष्ट किलोचा गडी ०.१ ग्रॅमचा होतो. तांदळाचे चार-पाच दाणे. मुंबईच्या लोकलमधून रोज सत्तर लाखांवर माणसं जातात. सगळी वजनकाट्यावर घाला. ७०० किलो! पन्नास किलोच्या तांदळाच्या चौदा पोत्यांत विरार, कसारा, पनवेल, चर्चगेट, सगळी गर्दी. एका छोट्या टेम्पोत मावते. आणि त्यातही चौथी सीट मिळेल की नाही, सांगता येत नाही.

लांबी आकसली, पाणी आकसलं, वजन आकसलं. एक गोष्ट मात्र आकसायला तयार नाही. वेळ.

तुमच्या पत्र्यावरचा लंबगोल भरतो साडेपाच मीटरांचा. घाट ३२२ मीटरांचा. त्या लंबगोलावर ५८ फेऱ्या मारल्या की गाडी कर्जतहून लोणावळ्याला पोहोचली, असं समजायचं. मुंबई-पुणे? चारशे फेऱ्या! घाटातला वेग ताशी तीस किलोमीटर धरला, तर खेळण्यातली गाडी सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर सरकते. एक फेरी एका मिनिटात. अठ्ठावन्न फेऱ्या, जवळजवळ एक तास. आणि खऱ्या घाटात ताशी तीसने २८ किलोमीटर जायला किती? तेवढाच एक तास! डेक्कन क्वीनचा मुंबई-पुणे प्रवास तीन तास दहा मिनिटांच्या आसपासचा. तिला टेबलावर खऱ्या चालीने पळवलीत, तर दर २८ सेकंदांनी एक फेरी, तीन तास दहा मिनिटं. घड्याळाला ८७ ने भागता येत नाही. सहा लाख पटींनी हलकी झालेली डेक्कन क्वीनही पुण्याला आपल्याच वेळेला पोहोचते.

आणि म्हणूनच शेवटचा हिशेब करायचा राहिलाय. तो वेळेचाच आहे, आणि माणसांचा.

हा घाट कुणी केला? १८५६ ला काम सुरू झालं, २१ एप्रिल १८६३ ला गाडी धावली. सात वर्षं. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. फोडलेला कातळ पाच कोटी घनफुटांहून जास्त, पाच लाख ब्रास! आपल्या मापात तो किती उरतो? पाऊण ब्रासच्या आसपास, ट्रॅक्टरची एक ट्रॉली. सुरुंग, पहार, घण आणि डोक्यावरची पाटी, यांवर सात वर्षं चाललेलं काम ट्रॉलीभर. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला भारतात आला आणि काही आठवड्यांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका आपल्या अंगावर घेतला आणि घाट पुरा करून घेतला.

कामाचा जोर होता तेव्हा, १८६१ च्या सुमारास, घाटात एकाच वेळी ४२,००० माणसं राबत होती. बेचाळीस हजार! आपल्या पत्र्यावर ती आणायची ठरवली, तर? वजन सव्वाचार किलो. पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीत सगळी बसतात, वर जागा उरते. पण त्यांना रंगवायला बसा. मुंडासं, धोतर, हातातली पहार, एकाला पाच मिनिटं. दोन लाख दहा हजार मिनिटं. साडेतीन हजार तास. रोज संध्याकाळी दोन तास, एकही सुट्टी नाही, दिवाळी नाही, गणपती नाही, तरी पावणेपाच वर्षं! नुसती रंगवायला पावणेपाच वर्षं. त्यांना तो घाट खराखुरा खोदायला सात लागली होती.

आणि आता त्यांना ओळीने उभं करा. जुना घाटमार्ग साडेपंचवीस किलोमीटरांचा. बेचाळीस हजार माणसं त्यावर सारख्या अंतराने उभी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती रूळ येतो? साठ सेंटिमीटर. दोन फूट. हा आकडा आपण आज आधीच मोजलाय, फक्त ८७ ने भागून. सात मिलिमीटर. दोन स्लीपरांमधलं अंतर!

दर स्लीपरमागे एक माणूस.

पटकीने, तापाने, कोसळलेल्या दरडीने त्यातले हजारो घरी परतले नाहीत. त्यांची नावं कुठल्याही फलाटावर लिहिलेली नाहीत. पण मोजायला ते अजून आहेत, कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत, दर दोन फुटांवर एक.

तर नवख्यानं काय करावं? पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं ‘जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. मुलांना घेऊन एकदा तिथे जा. येताना प्लायवूडचा एक पत्रा आणा. साडेपाच एकर झाले. त्यावर बोगद्याचं एक तोंड करा, तीन फुटांचा एक रूळ टाका. त्या रुळाला असतील १३० स्लीपर. दहा-बारा माकडं राहू द्या, वड्याची खसखस राहू द्या, पण बोगद्याच्या तोंडाशी मुंडासं बांधलेला, हातात पहार घेतलेला, १९ मिलिमीटरांचा एक माणूस तेवढा आधी रंगवा. पाच मिनिटांचं काम आहे.